शेजारच्या खाटेचं ताट

मी एक जुना लूप आहे, आणि तुमच्याशी बोलायची मला फारशी हौस नाही. पण आत्मवृत्त सांगायचं म्हटलं की ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणावं लागतं, अशी रीत आहे. तर मित्रांनो, बसा. हातातला मोबाइल बाजूला ठेवा. त्याच्या पोटात माझे कितीतरी भाऊबंद रात्रंदिवस राबतात. त्यांची तुम्ही कधी विचारपूस केली नाहीत, निदान माझं तरी ऐकून घ्या.

लूप म्हणजे प्रोग्राममधल्या चार-पाच ओळी. त्या एकच काम पुन्हा पुन्हा करतात. पहिल्यापाशी जा, काम कर. दुसऱ्यापाशी जा, काम कर. रांग संपली की थांब. एवढंच माझं आयुष्य. हसू येतंय ना? येऊ द्या. पण तुमच्यापैकी बहुतेक जण उठणं, जाणं, येणं आणि झोपणं यापलीकडे काय करतात ते मला एकदा सांगा. आणि तेवढं तरी काही न विसरता करतात का, तेही सांगा.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात झाला. तिथे कॉम्प्युटर विभाग होता. खोलीला खिडकी नव्हती, आणि शेजारच्या कपडे धुण्याच्या यंत्रांची घरघर दिवसभर चालू असायची. भिंतीवर 'चुकीला क्षमा नाही' अशी पाटी होती आणि तिच्याखाली क्षमेवर जगणारी माणसं बसत. त्यातल्या त्यात एक बाई बऱ्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या बोलायच्या कमी आणि खोडायच्या जास्त. त्यांनीच मला लिहिलं.

माझं काम साधं होतं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, जेवणाच्या वेळेआधी, रुग्णालयातल्या प्रत्येक रुग्णासाठी एक चिठ्ठी छापायची. चिठ्ठीवर वॉर्ड, खाट आणि जेवण. कुणाला मीठ कमी, कुणाला साखर वर्ज्य, कुणाला नुसतं पातळ सूप. स्वयंपाकघरात जेवढ्या चिठ्ठ्या पोचायच्या तेवढी ताटं भरली जायची. चिठ्ठी नाही तर ताट नाही.

रुग्णांची माहिती एक्सएमएल नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये असते. नाव ऐकून दचकू नका. डब्यात डबा आणि त्या डब्यात डबी, असा तो सगळा मामला आहे. बाहेरचा मोठा डबा रुग्णालयाचा. त्यात वॉर्डांचे डबे. वॉर्डाच्या डब्यात एकेका रुग्णाचा डबा, आणि रुग्णाच्या डब्यात लहान लहान डब्या: नाव, खाट, आजार, काय चालतं, काय चालत नाही. कुठला डबा कुठे उघडतो आणि कुठे मिटतो याच्या खुणा ठरलेल्या. अशा एकेका डब्याला नोड म्हणतात. मी एका नोडवरून दुसऱ्या नोडवर जायचो, त्यातली पथ्याची डबी उघडायचो, चिठ्ठी छापायचो आणि पुढे निघायचो.

आमच्या भाषेत ज्याला त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. रुग्ण ऑब्जेक्ट, खाट ऑब्जेक्ट, ताटसुद्धा ऑब्जेक्ट. प्रत्येकाला काय काय विचारता येईल ते आधी ठरवून ठेवलेलं असतं. खाटेला विचारता येतं, तू रिकामी आहेस का? ताटाला विचारता येतं, तुझ्यात मीठ किती? रुग्णाला भूक लागली आहे का, हे विचारायची सोय मात्र कुणी केली नव्हती. हे सगळे शिकलेले लोक होते बरं का.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढची सगळी रामकहाणी तिच्यावरच उभी आहे. मी माणसं लक्षात ठेवत नाही. मी कितवा ते लक्षात ठेवतो. तिसऱ्याचं काम झालं की चौथ्याकडे जातो. तो चौथा कोण, कुठला, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. मोठ्या बाईंना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मला शिकवून ठेवलं होतं, की एखाद्या नोडवर 'घरी गेला' अशी खूण दिसली तर त्याची चिठ्ठी छापू नकोस, पण त्याला हातही लावू नकोस, गुपचूप पुढे हो. गेलेल्यांचे नोड काढून टाकायला त्यांनी दुसरा वेगळा प्रोग्राम केला होता. तो सगळे निजल्यावर येऊन झाडलोट करायचा. आणि माझ्या डोक्यावर त्यांनी पुढच्यांसाठी एक टीप लिहून ठेवली होती: 'चालता चालता रांगेतून कुणाला काढू नये.'

त्या दिवसांत माझा मान होता. मुख्य आचारी हा तसा कुणाचं कौतुक करणारा प्राणी नव्हे. भाताला उकळी आली तरी तो त्याला दोष द्यायचा. पण चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन तो म्हणायचा, "तळघरातल्या त्या सगळ्या खोगीरभरतीत हे एक यंत्र तेवढं कामाचं आहे." मी यंत्र नाही, पण त्याच्या अकलेला तेवढंच झेपत होतं. मी ते मोठ्या मनाने घेतलं.

पुढे मोठ्या बाई नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेल्या. निरोप म्हणून त्यांना एक फुलदाणी मिळाली, आणि त्यांच्या जागी उस्ताद आला.

उस्ताद हे त्याचं टोपणनाव, आणि ते त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो या माणसाच्या खुर्चीतूनसुद्धा ऐकू यायचा. खुर्ची गर्रकन फिरवल्याशिवाय त्याला विचार करता येत नसे, आणि फिरवल्यावरही येत असे असं मला कधी दिसलं नाही. पहिल्याच दिवशी त्याने मला उघडलं आणि शीळ घातली.

"हे कुणी लिहिलंय? पणजीच्या काळातलं दिसतंय!"

शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले. विभागाचे साहेबही हसले. हसण्याइतपत काय झालंय हे त्यांना कळलं नव्हतं, पण नवीन माणूस हुशार आहे हे त्यांनी त्याला घेतानाच ठरवून टाकलं होतं.

त्याने आधी मोठ्या बाईंची टीप पुसली. "ज्याला टिपा लिहाव्या लागतात त्याचा कोडच कच्चा," असं त्याचं मत होतं. मग त्याची नजर झाडलोट करणाऱ्या त्या दुसऱ्या प्रोग्रामवर गेली. एका कामाला दोन प्रोग्राम कशाला? हा लूप सगळ्या नोडवरून जातोच आहे, तर जाता जाता गेलेल्यांना काढूनही टाकेल. त्याने तो दुसरा प्रोग्राम बंद केला आणि माझ्या पोटात एक ओळ घातली. 'घरी गेला' अशी खूण दिसली की तो नोड तिथल्या तिथे काढून टाक. साहेबांना त्याने दाखवलं, फाइल कशी हलकी झाली आणि काम कसं चटकन उरकतं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण इथे बैल म्हणजे मी, आणि मी तर भरल्या रांगेत जुंपलेला होतो.

काय झालं असेल, सांगा पाहू? नाही ना सांगता येत? वाटलंच होतं. शाळेच्या मैदानावर मुलं रांगेत उभी आहेत आणि गुरुजी एकेकाला खाऊ देत चालले आहेत, असं समजा. गुरुजी तिसऱ्या मुलापाशी आले आणि म्हणाले, "तू घरी जा." तो गेला. मागची सगळी मुलं एकेक पाऊल पुढे सरकली. म्हणजे जो चौथा होता तो आता तिसऱ्या जागी आला. पण गुरुजींच्या डोक्यात एवढंच, की तिसरा झाला, आता चौथा. ते चौथ्या जागेपाशी गेले. मधलं ते मूल हात पुढे करून तसंच उभं राहिलं.

माझं तस्संच झालं. एखादा रुग्ण बरा होऊन घरी गेला, की त्याच्या पुढच्या खाटेवरच्या माणसाची चिठ्ठी निघायची नाही. मला ते दिसलं नाही. ज्याच्याजवळ मी गेलोच नाही तो मला दिसणार कसा? मी जसा लिहिला होता तसा चाललो. माणसांना मात्र डोळे असतात, असं मी ऐकून होतो.

गंमत पाहा. हे व्हायचं ते एकाच जेवणाला. दुपारी एखाद्याचं ताट चुकलं, की संध्याकाळी येईपर्यंत गेलेल्याचा नोड फाइलमधून नाहीसा झालेला असायचा, आणि उपाशी राहिलेल्याची चिठ्ठी बिनबोभाट निघायची. पुन्हा कधी या वॉर्डात, कधी त्या. सिस्टरना वाटायचं, ताट आलं नाही म्हणजे तपासणीसाठी उपाशी ठेवलं असेल. रुग्णालयात ताट न येण्याला नेहमीच काहीतरी थोर कारण असतं. पण हळूहळू तक्रारी साठल्या. साहेबांनी उस्तादला विचारलं. उस्तादने सगळ्यांसमोर मला पुन्हा चालवून दाखवलं, आणि तक्रार करणाऱ्याची चिठ्ठी झोकात बाहेर आली. येणारच होती. काढायचं ते आधीच काढून झालं होतं.

"बघा," उस्ताद खुर्ची फिरवत म्हणाला, "कॉम्प्युटर चुकत नाही. चिठ्ठी निघते, ताट भरलं जातं, आणि रुग्णापर्यंत पोचत नाही. मध्ये कोण आहे?"

मध्ये मामा होते.

मामा म्हणजे ताटांची ढकलगाडी वॉर्डातून फिरवणारे वाढपी. उंच, पाठीत किंचित वाकलेले, सगळ्या जगाचे मामा. एका चाकाने कुरकुरणारी त्यांची गाडी लांबूनच ओळखू यायची. त्यांना बोलावलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. खुर्ची होती, पण बसा असं कुणी म्हटलं नाही.

"ताटं कुठे जातात, मामा?" साहेबांनी विचारलं.

"गाडीवर असतात तेवढी मी सगळी वाढतो, साहेब. मी ताट खाल्लेलं नाही."

"मग ताटाला काय पाय फुटतात?" उस्ताद म्हणाला. सगळे पुन्हा हसले. त्या खोलीत हसणं फार स्वस्त होतं.

मग त्यांनी वॉर्डातल्या कॅमेऱ्याचं चित्र काढून पाहिलं. त्यात मामा एका खाटेपाशी वाकलेले दिसत होते, आणि त्यांच्या हातात रुमालाने झाकलेला डबा होता. झालं! डबा झाकलेला आहे म्हणजे आत चोरीचं जेवण आहे, इतका सरळ हिशेब त्यांनी मांडला. तो डबा खाटेकडे जाताना जड होता की येताना, हे बघायची तसदी कुणी घेतली नाही. "त्या डब्यात काय होतं?" या प्रश्नावर मामा गप्प राहिले. चौकशी होईपर्यंत त्यांना कामावरून दूर केलं. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी जाणार, आणि वर चोर म्हणून शिक्का. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. साहेबांनी उस्तादची पाठ पुन्हा थोपटली. त्या पाठीला आता थापांची सवयच झाली होती.

आता वॉर्डातलं ऐका. ते मला कसं कळलं असं विचाराल. सिस्टरच्या टेबलावरचा पडदा आमच्याच घरचा. त्याच्यासमोर बोलताना कुणी आवाज बारीक करत नाही. माणसं भिंतीला कान असतात म्हणून घाबरतात आणि पडद्यासमोर घरातली सगळी लफडी बोलतात.

हाडांच्या वॉर्डात, दारापासून दुसऱ्या खाटेवर उस्तादची आई होती. घसरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं, म्हणून ऑपरेशन झालेलं. तिला साखरेचाही आजार होता. दाराजवळच्या पहिल्या खाटेवर प्लास्टर घालून लगेच घरी जाणारे रुग्ण ठेवत. तिथे सारखी ये-जा. म्हणजे मित्रांनो, सबंध रुग्णालयात चिठ्ठी चुकायला याहून सोयीची खाट सापडली नसती. पहिल्या खाटेवरचं कुणी घरी निघालं, की दुसरीवरची म्हातारी उपाशी.

आणि ही बाई तक्रार करीना. सिस्टरने दोनदा विचारलं, जेवलात का? तर म्हणायची, हो, झालं. शेजारच्या खाटेवरची कुणी बोललीच, तर ही अभिमानाने सांगायची, "माझ्या मुलाच्या हातात आहे इथला कॉम्प्युटर. तो नाही म्हणतोय तर काहीतरी कारण असणार. आपल्याला त्यातलं काय कळतं?" आपला तो बाळ्या! जगात इतका अविचारी विश्वास फक्त आयाच ठेवू शकतात, आणि तोही असल्या मुलांवर.

साखर उतरवणारं इंजेक्शन जेवणाआधी द्यायचं असतं. ते वेळेवर मिळायचं, कारण ते माझ्या हातात नव्हतं. इंजेक्शन झालं आणि पोटात अन्न गेलं नाही, तर साखर झपाट्याने उतरते. इतके दिवस काही झालं नाही, कारण मामा होते. गाडी रिकामी झाली आणि ही म्हातारी तशीच बसलेली दिसली, की ते स्वतःचा डबा आणून निम्मा तिला वाढायचे. ती नको नको म्हणायची. "मावशी, खा मुकाट्याने. आणि कुणाला सांगू नका, बाहेरचं अन्न दिलं म्हणून माझी नोकरी जाईल," ते म्हणायचे. अशी ती झाकलेल्या डब्याची चोरी होती. डब्याबद्दल खरं सांगितलं तरी नोकरी जाणार होती, आणि गप्प राहिले तर चोर ठरणार होते. ते गप्प राहिले. तिनेही आपल्या शब्दाला जागून मुलाला काही सांगितलं नाही.

मामांना दूर केल्यावर नव्या वाढप्याने गाडी रिकामी केली आणि तो निघून गेला. पहिली खाट त्या दिवशी दुपारी रिकामी झाली होती. म्हातारीला घाम फुटला, हात कापायला लागले, आणि पाण्याचा पेला धरता धरता ती आडवी झाली. सिस्टर धावल्या. शिरेतून साखर दिली तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. थोडा उशीर झाला असता तर उघडले नसते.

उस्ताद जिन्यावरून धावत आला. त्याला तसं धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

"आई, तू जेवली नाहीस?"

"ताट आलं नाही रे."

"मग सांगायचं नाही का?"

"तूच म्हणतोस ना, कॉम्प्युटर चुकत नाही म्हणून? मला वाटलं, मला नसेल द्यायचं." मग जरा दम घेऊन ती म्हणाली, "ही पहिली खाट रिकामी झाली की असं होतं. ते उंच मामा होते तोवर घासभर मिळायचं त्यांच्या डब्यातलं. कुठे गेले ते?"

तो तडक वळला. खाली आला आणि माझ्यासमोर बसला. खुर्ची फिरवली नाही. माझ्यातल्या ओळी त्याने पहिल्यांदाच वाचल्या, म्हणजे ज्याला वाचणं म्हणतात तशा. आपली ओळ दिसल्यावर त्याचा हात तोंडावर गेला. मी तुम्हांला सांगतो, पहिल्या दिवसापासून मी या माणसाला तुच्छ मानत आलो, पण त्या क्षणी मला तुच्छ मानायलाही जोर येईना. तो रडत होता आणि रडताना कुणी येईल म्हणून दाराकडे बघत होता.

लगेच माझा जोर परत आला, कारण त्याने काय केलं ते ऐका. त्याने मला दुरुस्त केलं. दुरुस्ती सोपी होती. रांगेच्या शेवटाकडून सुरुवातीकडे चालायचं. मग कुणाला काढलं तरी सरकतात ते मागचे, आणि त्यांची कामं तर आधीच झालेली असतात. पुढचे सगळे आपापल्या जागी. एवढं बदलून त्याने पडदा मिटला. साहेबांनी जाता जाता विचारलं, "काही विशेष?" तर म्हणाला, "किरकोळ होतं, सर. झालं." मामांचं नावही काढलं नाही. स्वतःची चूक पोटात, मामांचा शिक्का कपाळावर, आणि सगळं आलबेल. तुमच्या जातीची ही कला मला कधीच जमली नसती.

पण आई ती त्याला जमू देणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा विचारलं, "मामा कुठे आहेत? त्यांच्याशी मला दोन शब्द बोलायचेत." आईपुढे थाप मारताना उस्तादची जीभ नेमकी अडखळली. एकेक करून सगळं बाहेर आलं: डबा, कॅमेरा, चौकशी, आणि ती ओळ. ती ऐकत राहिली. रागावली नाही. एवढ्यात ताट आलं, कारण आता माझी चिठ्ठी बिनचूक निघत होती. तिने ताट हाताने बाजूला सारलं.

"त्यांना परत आणलंस की जेवीन."

"आई, वेड्यासारखं करू नकोस. तुझी साखर..."

"इतके दिवस तुझ्या कॉम्प्युटरने उपाशी ठेवलं, तेव्हा ऐकलं ना मी? आता तू माझं ऐक."

सकाळचं ताट भरलेलं परत गेलं. दुपारी मी पुन्हा चिठ्ठी छापली, नाव, खाट, पथ्य, सगळं बरोबर. तेही ताट भरलेलं परत आलं. आचारी ढकलगाडीकडे बघत म्हणाला, "चिठ्ठी नसली तर ताट नाही, आणि चिठ्ठी असली तर खाणारं नाही. या रुग्णालयाला झालंय काय?" डॉक्टर ओरडले, सिस्टरनी विनवण्या केल्या. तिने इंजेक्शन घ्यायलाही नकार दिला. दूधसुद्धा घेईना. मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बोटं मोडत होता.

शेवटी तो निघाला आणि मामांची चौकशी चालू होती त्या खोलीत गेला. तिथे साहेब, आचारी, आणि कोपऱ्यात उभे मामा. आजही बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. उस्तादने सगळ्यांसमोर भिंतीवर माझ्या ओळी दाखवल्या.

"ताटं कुणी खाल्ली नाहीत. ती भरलीच गेली नाहीत. ही ओळ माझी आहे." मग मामांकडे वळला. त्यांच्याकडे बघायला मात्र त्याला जमलं नाही. "डब्यातलं माझ्या आईला देत होता तुम्ही. मी तुम्हांला चोर म्हणालो."

मामा म्हणाले, "मावशींनी जेवण घेतलं का?"

त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

मामा कामावर परत आले. बाहेरचं अन्न दिल्याबद्दल त्यांना समज दिली गेली, कारण नियम हा नियम असतो. माणसाने माणसाला जेवू घातलं की नियम हटकून जागा होतो. काही दिवसांनी रुग्णालयात एक सभा झाली, आणि तिथे साहेबांनी काय सांगितलं असेल? 'आमच्या विभागाने एक अवघड दोष शोधून काढला!' उस्तादला टाळ्या पडल्या. ज्याने खड्डा खणला त्यालाच खड्डा सापडल्याबद्दल शाबासकी. मामा मागे दाराशी गाडी धरून उभे होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. मला हात असते तर मी दुसऱ्या कशासाठी तरी वापरले असते.

एक मात्र कबूल करतो. सभेहून परतल्यावर उस्तादने मला उघडलं आणि माझ्या डोक्यावर मोठ्या बाईंची ती टीप पुन्हा लिहिली, शब्दाला शब्द. ती त्याला पाठ होती. म्हणजे पुसताना त्याने ती वाचली होती. या माणसाबद्दल माझ्या मनात जो काही थोडा राग उरला होता तो तेव्हा दुप्पट झाला. 

हळूहळू म्हातारी काठी घेऊन चालू लागली. एका दुपारी तिच्या नोडवर 'घरी गेली' अशी खूण आली. मी शेवटाकडून चालत चालत हाडांच्या वॉर्डात आलो. तिच्या पुढच्या खाटेवर पाय मोडलेली एक आजी होती, तिची चिठ्ठी आधी छापली. मग म्हातारीचा नोड काढला. मग दाराजवळच्या पहिल्या खाटेची चिठ्ठी छापली. काहीही चुकलं नाही. नोड काढताना मला काही होत नाही, मला लिहिताना ते कुणी घातलेलं नाही. पण तो नोड काढायला नको होता, असं मला वाटलं. कसं वाटलं ते मला विचारू नका.

वरून सिस्टर बोलताना ऐकलं. म्हातारी दाराशी थांबली होती. मुलगा खाली गाडी घेऊन खोळंबलाय म्हणून सांगितलं तरी हलेना. मामांची कुरकुरती गाडी आली, पुढच्या खाटेवरच्या आजीसमोर ताट ठेवलं गेलं, तिने पहिला घास घेतला, आणि मग ही काठी टेकत बाहेर पडली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करावा लागतो. तुम्हांला उपदेश करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मी जाणतो. तरी ऐका. रांगेतून कुणी निघून गेलं, वर्गातून, घरातून किंवा शेजारच्या खाटेवरून, तर निरोपाचे हात हलवून झाल्यावर जरा त्याच्या शेजारी उरलेल्या माणसाकडे बघा. तो जेवला का ते विचारा. कॉम्प्युटर काय म्हणतो ते नंतर पाहता येईल. मी चालतो म्हणतात खरं, पण मला पाय नाहीत. तुम्हांला आहेत. निदान तेवढ्यासाठी तरी ते वापरा.